सिरीयल केबलवरून लिनक्स कर्नेलचे डीबगिंग: जोडणी अडते तेव्हा काय तपासावे

चालू असलेल्या कर्नेलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, मध्येच थांबवून त्याचे अंतरंग पाहायचे असेल, तर पाहणारा दुसऱ्या यंत्रावर असावा लागतो, कारण कर्नेल थांबला की त्या यंत्रावरचा कळफलक, पडदा आणि नेटवर्क हे सारेच थांबते. म्हणून दोन संगणक लागतात: ज्याचा कर्नेल तपासायचा तो टार्गेट आणि ज्यावर जीडीबी हा डीबगर (प्रोग्रॅम थांबवून तपासण्याचे साधन) चालवायचा तो होस्ट. लिनक्समध्ये यासाठी लागणारा केजीडीबी हा भाग २००८ साली २.६.२६ या आवृत्तीत मुख्य कर्नेलमध्ये आला, आणि दोन यंत्रांमधला त्याचा नेहमीचा दुवा आजही सिरीयल केबल हाच आहे.

अडचण बहुतेक वेळा एकाच रूपात समोर येते. जीडीबीत टार्गेटशी जोडणारी ‘टार्गेट रिमोट’ ही आज्ञा दिली जाते आणि पलीकडून काहीच उत्तर येत नाही. ही शांतता चुकीच्या केबलमुळे, बंद पोर्टमुळे, न जुळणाऱ्या वेगामुळे, पोर्ट अडवून बसलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅममुळे किंवा कर्नेलच्या बांधणीमुळेही असू शकते, आणि बाहेरून ती सगळीकडे सारखीच दिसते. त्यामुळे जीडीबीपासून खाली उतरण्याऐवजी तांब्याच्या तारेपासून वर चढावे, आणि साधी अक्षरे दोन्ही दिशांनी जातात हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जीडीबी उघडूच नये, असे माझे ठाम मत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि जोडणी सुरू झाली, तर दोष कशात होता हे कळत नाही, आणि तो पुन्हा उद्भवला की सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.

केबल आणि पोर्ट

संगणकाच्या नऊ पिनांच्या पोर्टवर २ क्रमांकाची पिन माहिती घेते, ३ क्रमांकाची पिन माहिती पाठवते आणि ५ क्रमांकाची पिन ग्राउंड असते. दोन्ही टोकांना संगणकच असल्यामुळे सरळ केबल लावली, तर दोन पाठवणाऱ्या पिना एकमेकींना जोडल्या जातात आणि कुणाचेच कुणाला ऐकू येत नाही. येथे २ आणि ३ उलटसुलट जोडलेली केबल लागते, जिला नल मोडेम केबल म्हणतात. पुण्यातील तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नुसती ‘सिरीयल केबल’ मागितली, तर यांपैकी कोणतीही हातात पडू शकते, आणि दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. मी स्वतः एकदा दोन दिवस कर्नेल पुन्हा पुन्हा बांधण्यात घालवले आणि शेवटी केबल सरळ निघाली. त्यानंतर नवी केबल आली की मल्टिमीटर लावून एका टोकाची २ क्रमांकाची पिन दुसऱ्या टोकाच्या ३ क्रमांकाच्या पिनेशी जोडलेली आहे ना, हे मी आधी पाहतो.

पुढची चाचणी म्हणजे लूपबॅक. केबल होस्टला जोडावी, तिच्या मोकळ्या टोकाच्या २ आणि ३ या पिना लहानशा तारेने एकमेकींना जोडाव्यात, आणि मिनिकॉम या सिरीयल पोर्टवर अक्षरे पाठवणाऱ्या व दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काही अक्षरे टंकावीत. ती पडद्यावर परत उमटली, तर होस्टचे पोर्ट आणि केबल दोन्ही नीट आहेत. ही चाचणी करण्याआधी मिनिकॉममधील हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करावे. ते मुळात चालू असते, आणि केबलमध्ये तीनच तारा असतील तर ‘पाठवा’ हा इशारा कधीच न आल्याने मिनिकॉम एकही अक्षर बाहेर सोडत नाही.

टार्गेट हा संगणक नसून रास्पबेरी पायसारखा बोर्ड असेल, तर त्याच्या पिनांवर ३.३ व्होल्टचे संकेत असतात, तर नऊ पिनांच्या जुन्या पोर्टवरचा दाब उणे आणि अधिक १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. ही दोन टोके थेट जोडल्यास बोर्ड जळू शकतो. तेथे ३.३ व्होल्टचा यूएसबी अडॅप्टर वापरावा, ग्राउंडची तार न विसरता जोडावी आणि अडॅप्टरची वीजपुरवठ्याची तार मोकळी ठेवावी.

टार्गेट साधा संगणक असेल, तर त्यावरील प्रॉक या निर्देशिकेतील टीटीवाय, त्यातील ड्रायव्हर आणि त्यातील सिरीयल ही फाइल रूट म्हणून वाचावी. प्रत्येक पोर्टसाठी तीत एक ओळ असते. यूआर्टपुढे (सिरीयल पोर्ट चालवणारी चिप) १६५५०ए असे दिसले तर पोर्ट सापडले आहे, आणि ‘अननोन’ असे दिसले तर ते नसावे किंवा बायोसमध्ये बंद असावे. त्याच ओळीत किती बाइट गेले आणि किती आले हेही दिसते, आणि चौकटीच्या चुका झाल्या असतील तर एफई या अक्षरांपुढे त्यांची संख्या येते. होस्टवरून अक्षरे पाठवत असताना आलेल्या बाइटांचा आकडा हललाच नाही, तर दोष अजून तारेत किंवा पोर्टात आहे आणि वर चढण्यात अर्थ नाही. आकडा हलतो पण एफईही वाढते, तर दोन्ही टोकांचा वेग जुळलेला नाही.

वेग दोन्हीकडे ११५२०० ठेवावा, आठ बिट, पॅरिटी नाही आणि एक स्टॉप बिट. हा आकडा योगायोगाने आलेला नाही: जुन्या यूआर्टचे घड्याळ १.८४३२ मेगाहर्ट्झचे असते, आणि त्याला १६ ने भागले की नेमके ११५२०० येतात. केबल लांब असेल किंवा अधूनमधून विचित्र अक्षरे येत असतील, तर ३८४०० वर उतरून पाहावे.

पोर्टवर आणखी कोण बसले आहे

होस्टवर पोर्ट उघडतच नसेल, तर डेबियन आणि उबंटूवर आपण डायलआउट या गटात आहोत का ते पाहावे. पोर्ट उघडते पण उत्तरे अर्धवट येतात, तेव्हा दुसरा एखादा प्रोग्रॅम तेच पोर्ट वाचत असण्याची शक्यता मोठी असते. सर्वांत जास्त वेळा तो आपणच उघडा ठेवलेला मिनिकॉम असतो: आलेले काही बाइट तो उचलतो, उरलेले जीडीबीला मिळतात, आणि दोघांनाही पूर्ण निरोप कळत नाही. मोडेममॅनेजर ही सेवा नव्याने जोडलेल्या यूएसबी पोर्टवर मोडेम शोधण्यासाठी स्वतःच्या आज्ञा पाठवू शकते. उबंटू २२.०४ वर ब्रेल यंत्रांसाठी असलेला बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम सीएच३४० चिपचे अडॅप्टर आपले समजून ताब्यात घेतो, आणि पोर्ट दिसून लगेच नाहीसे होते. पोर्ट कोणी धरले आहे हे एफयूजर या आज्ञेने कळते. टार्गेटच्या बाजूला त्याच पोर्टवर लॉगिन विचारणारी गेटीची सेवा चालू असेल, तर तीही तपासणीपुरती बंद करावी.

जोडणी चालते पण प्रत्येक पायरीला फार वेळ लागतो, असे होत असेल तर एफटीडीआय चिपच्या अडॅप्टरची लेटन्सी टायमर ही मांडणी पाहावी. ती मुळात १६ मिलिसेकंद असते, म्हणजे थोडेच बाइट आले तर अडॅप्टर तेवढा वेळ थांबून मग ते पुढे पाठवतो. जीडीबीची देवघेव छोट्या छोट्या निरोपांची असल्यामुळे हा उशीर साचत जातो. सिस या निर्देशिकेत त्या पोर्टच्या नोंदीखाली ती १ करावी. तरीही अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात: ११५२०० वेगाने सेकंदाला ११५२० बाइट जातात, आणि स्मृतीतील प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहून पाठवला जातो, म्हणून एक मेगाबाइट वाचायला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागतो.

कर्नेलच्या बाजूने

कर्नेल बांधताना केजीडीबी, त्याचा सिरीयल कन्सोल ड्रायव्हर, डीबग माहिती आणि मॅजिक सिसआरक्यू (कर्नेलला थेट आज्ञा देण्याची सोय) हे पर्याय चालू हवेत. बूटच्या ओळीत, म्हणजे कर्नेलला सुरू होताना मिळणाऱ्या पर्यायांच्या ओळीत, केजीडीबीओसी या शब्दापुढे पोर्टचे नाव आणि वेग द्यावा. बूट होतानाच थांबायचे असेल तर केजीडीबीवेट हा शब्दही लिहावा, मात्र तो केजीडीबीओसीच्या नंतरच यावा, कारण कोणत्या पोर्टवर थांबायचे हे कर्नेलला आधी ठाऊक असावे लागते. सारे नीट असेल तर कर्नेलच्या नोंदींत केजीडीबीओसी ड्रायव्हर नोंदवला गेल्याची ओळ दिसते. ती ओळ नसेल तर जीडीबी सुरू करू नये.

येथे एक चूक वारंवार होते. टार्गेटवर सिरीयल पोर्ट नाही म्हणून तेथेही यूएसबी अडॅप्टर लावला जातो. कर्नेल थांबलेला असताना इंटरप्ट (उपकरणांनी प्रोसेसरला दिलेले इशारे) चालत नाहीत, म्हणून केजीडीबीला पोर्टवरचे एकेक अक्षर स्वतः विचारून घ्यावे लागते, आणि यूएसबी अडॅप्टरचे ड्रायव्हर सहसा ही सोय देत नाहीत. होस्टवर अडॅप्टर चालतो, टार्गेटवर मात्र मदरबोर्डवरील पोर्ट किंवा सिरीयलचे पीसीआय कार्ड घ्यावे.

कर्नेल थांबवण्यासाठी रूट म्हणून प्रॉकमधील सिसआरक्यू-ट्रिगर या फाइलमध्ये जी हे एक अक्षर लिहावे. कळफलकावरून तोच इशारा देताना वितरणाने घातलेले निर्बंध आड येऊ शकतात. या फाइलला ते लागू नाहीत. पडदा गोठला, तर ते यशाचे लक्षण आहे. काहीच झाले नाही, तर सिक्युअर बूट चालू आहे का ते पाहावे, कारण त्यासोबत अनेक वितरणे कर्नेल लॉकडाउन (रूटलाही कर्नेलमध्ये हात घालू न देणारे निर्बंध) लागू करतात आणि २०२२ पासून लॉकडाउनमध्ये केजीडीबीलाही अटकाव आहे.

जीडीबीत निरोप वाचताना

जीडीबीमध्ये आधी सिरीयलचा वेग ठरवावा आणि मगच टार्गेट रिमोट द्यावे. उत्तर आले नाही तर रिमोटचे डीबग १ करावे, म्हणजे जाणारा-येणारा प्रत्येक निरोप दिसतो. निरोप डॉलरच्या चिन्हाने सुरू होतो, हॅशच्या चिन्हाने संपतो आणि त्यापुढे दोन अक्षरांची बेरीज-पडताळणी असते. तो नीट पोहोचला तर समोरून अधिक चिन्ह येते, बिघडला तर उणे. उण्यांची रांग लागली तर दोष तारेत किंवा वेगात आहे. निरोपांच्या मध्ये कर्नेलच्या नोंदींची वाक्ये दिसली, तर कन्सोल आणि डीबगर एकाच तारेवर आहेत. तेव्हा कन्सोल दुसरीकडे न्यावा किंवा एकाच तारेतून दोन्ही वेगळे करणारा एजंट-प्रॉक्सी हा प्रोग्रॅम मध्ये बसवावा. केडीबी या कर्नेलमधल्याच डीबगरची सूचक ओळ दिसली, तर तेथे केजीडीबी असे टंकून मग जीडीबी जोडावा. ‘जी’ या अक्षराच्या निरोपाचे उत्तर फार लांब असल्याची तक्रार आली, तर जीडीबीने टार्गेटच्या प्रोसेसरची जात चुकीची धरली आहे, आणि ती सेट आर्किटेक्चरने सांगावी लागते.

कर्नेल पुन्हा चालू झाल्यावर कंट्रोल-सी दाबून तो थांबत नाही, म्हणून जीडीबी बिघडला असे वाटते. जीडीबीतील इंटरप्ट-सिक्वेन्स हा पर्याय ब्रेक-जी (तारेवरचा ब्रेक हा खास इशारा आणि त्यापुढे जी हे अक्षर) असा ठेवला, तर तेथूनही थांबवता येते. काही स्वस्त अडॅप्टर ब्रेक नीट पाठवत नाहीत, हे येथे लक्षात असू द्यावे.

जोडणी झाली पण फंक्शनांची नावे निरर्थक दिसतात, तेव्हा लिनक्स-बॅनर हे चल अक्षररूपात छापून पाहावे. आवृत्तीची ओळ नीट वाचता आली तर पत्ते जुळतात. कचरा आला तर जीडीबीला दिलेली व्हीएमलिनक्स ही डीबग माहिती असलेली कर्नेलची फाइल त्याच बांधणीची नाही किंवा कर्नेल यादृच्छिक पत्त्यावर चढला आहे. दुसऱ्या कारणासाठी बूटच्या ओळीत नोकेएएसएलआर लिहावे. तसे केल्यावर ६४ बिटांच्या एक्स८६ वर कर्नेलच्या मजकुराची सुरुवात आठ एफ आणि त्यापुढे ८१०००००० येथे होते. साधा ब्रेकपॉइंट (कर्नेलने जेथे थांबायचे ती खूण) लागत नसेल तर हार्डवेअर ब्रेकपॉइंट वापरावा. एक्स८६ वर असे चारच मिळतात.

बोर्डवर हार्डवेअर वॉचडॉग (यंत्र अडकले की ते आपोआप पुन्हा सुरू करणारा भाग) असेल तर तो आधी बंद करावा, नाहीतर आपण एखादे चल वाचत असतानाच टार्गेट पुन्हा सुरू होते आणि दोष केबलचा वाटतो. काम संपल्यावर डिटॅच करूनच बाहेर पडावे, म्हणजे लावलेले ब्रेकपॉइंट काढले जातात आणि कर्नेल पुढे चालू लागतो. कर्नेल थांबलेला असताना केबल निघाली तर टार्गेट तसेच गोठून राहते, पण घाईने वीज बंद करण्याची गरज नसते. केबल पुन्हा लावून टार्गेट रिमोट दिल्यास ते जेथे थांबले होते तेथूनच तपासणी सुरू करता येते.