सेव्ह केलं होतं, मग गेलं कुठे? पेनड्राइव्हवर पपी लिनक्स चालवताना या चुका टाळा

माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलीय. चार्जरची पिन जरा हलली तरी स्क्रीन काळी. हार्डडिस्कनेही मान टाकलेली, म्हणून पेनड्राइव्हवरून पपी लिनक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टम चालवतो. एका संध्याकाळी दीड तास बसून सोसायटीच्या थकबाकीची यादी केली, मधूनमधून कंट्रोल-एस दाबत होतो, आणि वीज गेली. वीज आल्यावर बघतो तर यादी नाहीच. अर्धवटसुद्धा नाही!

कंट्रोल-एसवर विसंबणं

ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली पपी रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की रिकाम्या होणाऱ्या तात्पुरत्या मेमरीत, बसून चालते, म्हणूनच जुन्या मशिनवरही पळते. पण पेनड्राइव्हवरून चालवताना तुमचे सगळे बदल आधी रॅममध्येच साठतात. कंट्रोल-एस दाबलं की फाइल 'सेव्ह' होते खरी, पण रॅममध्ये. तिथून ती पेनड्राइव्हवरच्या सेव्ह फाइलमध्ये, म्हणजे पपी तुमचे बदल जपून ठेवते त्या एका मोठ्या फाइलमध्ये, उतरते तीन वेळी: ठरलेली मिनिटं झाली की, शटडाउन करताना, किंवा डेस्कटॉपवरचं 'सेव्ह' चिन्ह तुम्ही दाबलंत तर. ते चिन्ह शोभेचं नाही. महत्त्वाचं काही झालं की लगेच दाबा.

वेळ शून्य करून ठेवणं

माझी खरी चूक ही. आपोआप सेव्ह सहसा दर ३० मिनिटांनी होतं. त्या वेळी मशीन थोडं अडखळतं, शिवाय सारखं लिहून पेनड्राइव्ह झिजतो असं वाचलेलं. म्हणून पपीच्या इव्हेंट मॅनेजर या सेटिंगमध्ये जाऊन तिथे शून्य टाकलं. शून्य म्हणजे आपोआप कधीच नाही. आता दहा ठेवलंय. पेनड्राइव्ह झिजला तर दुसरा आणता येतो, दीड तास आणता येत नाही. शून्यच ठेवायचं असेल तर बॅटरी धडधाकट हवी आणि सेव्ह चिन्ह दाबायची सवयही.

कागदपत्रंही सेव्ह फाइलमध्येच कोंबणं

पपीत 'एमएनटी' फोल्डरात 'होम' नावाचं एक ठिकाण असतं (/mnt/home). सेव्ह फाइल पेनड्राइव्हवर असेल तर ते 'होम' म्हणजे प्रत्यक्ष पेनड्राइव्हच. तिथे ठेवलेली फाइल रॅमच्या फेऱ्यात अडकत नाही. माझे हिशेब, फोटो, पीडीएफ आता तिथेच असतात. सेव्ह फाइलमध्ये फक्त सेटिंग आणि प्रोग्रॅम. याने दुसरंही दुखणं टळतं. सेव्ह फाइल ठरावीक आकाराची असते आणि ब्राउझरची कॅश ती बघता बघता भरून टाकते. भरली की सेव्ह अडतं. मेनूतून आकार वाढवता येतो, पण तो पुढच्या बूटला लागू होतो. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहेच.

पहिल्या शटडाउनला घाईत 'नको' म्हणणं

पहिल्यांदा बंद करताना पपी विचारते, सत्र जपायचं का? तिथे नकार दिलात तर वायफायच्या पासवर्डापासून मराठी कीबोर्डपर्यंत सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दिवा लुकलुकत असताना उपसणं

कॉपी झाल्याची पट्टी पूर्ण भरली तरी लिनक्सने डेटा थोडा वेळ हातात धरलेला असतो, साधारण ३० सेकंदांपर्यंत. मोठी फाइल आणि हळू पेनड्राइव्ह असेल तर त्याहूनही जास्त. टर्मिनलमध्ये 'सिंक' (sync) टाइप करून एंटर मारा आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत कशाला हात लावू नका. कधी पटकन येतो, कधी चहा गार होतो. मग अनमाउंट करा, म्हणजे सिस्टमपासून पेनड्राइव्ह सोडवा, आणि काढा. हे उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हलाही (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) लागू आहे. तिथे पर्सिस्टन्स (बदल जपून ठेवायची सोय) चालू असेल तर बदल रॅममध्ये न अडकता थेट पेनड्राइव्हकडे जातात. ते चालू नसेल तर सिंक करूनही रीबूटनंतर सेटिंग राहत नाहीत.

आधीच गडबड झाली असेल तर

वीज गेल्यावर पपी चालू होताना रखडत असेल, तर बूटच्या ओळीत 'पीफिक्स'ला 'एफएससीके' (pfix=fsck) देऊन सेव्ह फाइल तपासून घ्या. तरीही नाही जमलं तर 'पीफिक्स'ला 'रॅम' (pfix=ram) द्या. पपी सेव्ह फाइलला हात न लावता कोरी उघडते. आता ती फाइल वापरात नसल्यामुळे तिची प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या, दुरुस्तीचे प्रयोग त्यानंतर. सगळं नीट चालू असतानाही मी महिन्यातून एकदा अशीच प्रत काढतो.