सुई हातात घेण्याआधी

कॉन्सर्ट ग्रँडचं, म्हणजे सभागृहातल्या मोठ्या पियानोचं, काम शिकायला आलेल्या मुलांचा जीव पहिल्या दिवसापासून व्हॉइसिंगच्या, म्हणजे नादाचा पोत घडवण्याच्या, सुयांवर असतो. माझाही होता. एका कार्यक्रमाआधी पाचव्या सप्तकातली एक पट्टी पातळ, नाकातून बोलल्यासारखी वाजत होती. शेजारच्या भरदार, ही एकटीच झणझणीत. मी ठरवून टाकलं, हॅमरचं, म्हणजे तारेवर आपटणाऱ्या हातोडीचं, फेल्ट (दाबलेली लोकर) कडक झालंय, आणि सुई टोचत गेलो. हळू वाजवलं तर आवाज बोदा, जोरात वाजवलं तर तोच झणझणाट.

शेवटी वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी पट्टीच्या मदतीने हॅमर हलकेच तारांना टेकवून धरला आणि त्या पट्टीच्या तिन्ही तारा नखाने एकेक छेडल्या. दोन मुक्या, तिसरी छान गुंजली. म्हणजे हॅमर तिला टेकतच नव्हता. ग्रँडमध्ये हॅमर खालून येतो, त्यामुळे किंचित वर राहिलेल्या तारेला तो पुरता पोचत नाही. त्यांनी आकड्याने खालच्या दोन तारा वर ओढून तिन्ही एका पातळीत आणल्या, सूर पुन्हा जुळवला. बिघाड पाच मिनिटांत गेला. मी मऊ करून ठेवलेला हॅमर मात्र फेल्ट कडक करणारं पातळ लॅकर देऊन, वाळवून, पुन्हा ऐकून सावरावा लागला. टोचलेलं फेल्ट परत पहिल्यासारखं होत नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी ट्युनिंग. तीन तारांमधली एक जरी सरकलेली असली, तरी कानाला ती नादाचीच खोट वाटते. मग रेग्युलेशन, म्हणजे पट्टी आणि हॅमरच्या हालचालीची मापं जुळवणं. पट्टी साधारण दहा मिलिमीटर खाली जाते, हॅमर साधारण पंचेचाळीस मिलिमीटर वर जातो, आणि तारेपासून दीड-दोन मिलिमीटरवर तो पट्टीच्या ढकलण्यातून सुटायला हवा. हे सुटणं शेजारच्या पट्ट्यांत कमीजास्त असलं, तर अगदी हळू वाजवताना एक पट्टी दचकून बोलते आणि दुसरी बोलतच नाही. याला फेल्ट काय करणार? त्यानंतर तारा आणि हॅमर नीट टेकतात का ते. हॅमरवरच्या खाचा खोल झाल्या असतील तर सँडपेपरने घासून आकार परत आणायचा, टोकाला चपटं करायचं नाही. सुई सगळ्यात शेवटी.

सुई टोचायची ती हॅमरच्या खांद्यांत, म्हणजे टोकाच्या दोन्ही बाजूंना. तारेला लागणारं वरचं टोक शक्यतो सोडून द्यायचं. दोन-तीनदा टोचा, वाजवा, ऐका. सुरुवातीला टाकाऊ हॅमरच्या जुन्या संचावर सराव करा, वरिष्ठ हसले तरी चालेल.

ऐकण्याचीही एक पद्धत आहे. एकाच बोटाने, एकाच जोराने, एकेक अर्धस्वर चढत जायचं. हळू, मग मध्यम, मग जोरात. खटकली त्या पट्टीवर खडूची खूण. डावं पेडल दाबून पुन्हा तेच, कारण त्या वेळी सगळी यंत्रणा बाजूला सरकते आणि फेल्टचा वेगळाच भाग तारांना लागतो. खुणा झाल्या की उठून जा. अर्ध्या तासाने परत ऐका. माझ्या खुणांतल्या निम्म्या तेव्हा पुसल्या जातात. थकलेला कान प्रत्येक आवाजात दोष काढतो. जमलं तर कुणाला वाजवायला बसवून सभागृहात मागे जाऊन ऐका.

एक जागा मात्र सोडून द्यायला शिका. जिथे तांब्याची गुंडाळी असलेल्या तारा संपून साध्या पोलादी तारा सुरू होतात, तिथला फरक रचनेतलाच असतो. तो कमी करता येतो, पुसता येत नाही. नवखेपणी मी त्या सांध्यावर अख्खी दुपार घालवली होती. संध्याकाळी वादक आले, त्यांनी त्या पट्ट्यांकडे पाहिलंही नाही. त्यांची तक्रार होती वरच्या एका पट्टीची, आणि ती निघाली डॅम्परची, म्हणजे पट्टी सोडल्यावर तार गप्प करणाऱ्या गादीची.