खुली फाइल घेतलीत का?

स्वतःचं पुस्तक स्वतः काढायचं ठरवलं असेल, तर वहीच्या पहिल्या ओळीवर लिहा: अक्षरजुळणी करणाऱ्याकडून, म्हणजे संगणकावर पानं लावणाऱ्याकडून, खुली (बदल करता येणारी मूळ) फाइल घ्यायची. पीडीएफ मिळाली म्हणजे फाइल मिळाली असं समजू नका. मी तसंच समजले होते. गेल्या खेपेला बाकी सगळं नीट केलं, हेच राहिलं, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी अडीचशे पानं पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासावी लागली. म्हणून ही यादी.

हस्तलिखित पूर्ण हवं, हे सांगायला नको. मात्र पूर्ण म्हणजे अर्पणपत्रिका, मनोगत, ऋणनिर्देश, मलपृष्ठावरचा मजकूर, सगळं धरून. पानं लागल्यावर मनोगत पाठवलं की पृष्ठसंख्या हलते आणि त्यावर बेतलेलं सगळंच हलतं.

संपादन आणि मुद्रितशोधन ही दोन कामं आहेत, दोन वेगळ्या माणसांना द्या. संपादक मजकुराची उलथापालथ करतो, प्रकरण पुढेमागे करतो, एखादं पात्र काढायला सांगतो. मुद्रितशोधक पानं लागल्यावर ऱ्हस्वदीर्घ, विरामचिन्हं, तुटलेले शब्द बघतो. एकाच माणसाने दोन्ही केलं की दुसऱ्या वाचनाला त्याचे डोळे सरावलेले असतात. आणि तुमचे तर त्याहून जास्त, म्हणून पैसे वाचवायला स्वतः मुद्रितं (प्रूफं) तपासू नका. या दोन खर्चांत काटकसर करणार असाल तर पुस्तक सहा महिने पुढे ढकला, पैसे साठवा, मग काढा.

आता अक्षरजुळणी. आकार आधी ठरवा. डेमी, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, कादंबरीला चालतो. ऑफसेटवर छापणार असाल तर बहुतेक ठिकाणी १६ पानांचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गट, धरतात, म्हणून पानं १६ च्या पटीत बसवायचा प्रयत्न करा. २४० पानांचे बरोबर १५ फॉर्म होतात. २४३ झाली की पुढच्या फॉर्मचा खर्च अंगावर येतो. टंक, म्हणजे फॉन्ट, निवडताना एकच विचारा: युनिकोड आहे का, म्हणजे प्रत्येक अक्षर कुठल्याही संगणकाला तेच अक्षर म्हणून ओळखता येतं का? देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, तरी छपाईच्या कामात जुने टंक अजून सर्रास वापरतात. त्या जुन्या टंकांत पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादं रोमन अक्षर असतं. छापील पानावर काही फरक दिसत नाही. फरक नंतर दिसतो, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

माझ्या बाबतीत झालं ते असं. कादंबरीत सुलभा आणि सुलेखा अशी दोन नावं होती. दुसऱ्या मुद्रिताच्या वेळी लक्षात आलं की वाचक गोंधळणार, म्हणून सुलेखाची इंदू केली. लाल पेनाने ४३ जागी. जुळणी करणाऱ्याने त्या सगळ्या जागा त्याच्या फाइलमध्ये दुरुस्त केल्या. तीन मुद्रितांत मिळून अशा शेकडो दुरुस्त्या झाल्या, आणि त्या फक्त त्याच्या फाइलमध्ये होत्या. माझ्या संगणकावरची वर्डची फाइल जुनीच राहिली. ती जुनी आहे हे मला माहीत होतं, पण पुस्तक छापून आल्यावर त्या फाइलशी आपला काही संबंध उरेल असं वाटलंच नाही.

दीड वर्षाने प्रती संपल्या. ई-पुस्तक काढायचं ठरलं, दुसरी आवृत्तीही. जुळणी करणाऱ्याला फोन केला, तर त्याने संगणक बदलला होता आणि जुनी डिस्क बंद पडली होती. त्याच्यावर राग नाही. दीड वर्ष माझी फाइल सांभाळण्याचं त्याने कुठे कबूल केलं होतं? माझ्याकडे पीडीएफ होती. तिच्यातून मजकूर उचलून नव्या फाइलमध्ये चिकटवला. 'इंदू उठली' या दोन शब्दांच्या जागी एक टक्क्याचं चिन्ह, दोन कंस आणि चार-पाच रोमन अक्षरं आली. पूर्ण पुस्तक तसंच. मग घाईत मी जे केलं ते करू नका: वर्डची जुनी फाइल उघडली, आठवतील तेवढ्या दुरुस्त्या केल्या आणि ई-पुस्तक चढवलं. आठवड्याभरात एका वाचक बाईंचा निरोप आला, "बाराव्या प्रकरणात ही सुलेखा कोण? आधी कुठे आलीच नाही." त्यांनी पैसे देऊन घेतलेलं पुस्तक होतं. ते मागे घेतलं, छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. तीन महिने गेले, आणि त्या तीन महिन्यांत लिहिणं शून्य.

तेव्हा नीट ऐका. खुली फाइल म्हणजे ज्या सॉफ्टवेअरमध्ये पानं लावली त्याची मूळ, बदल करता येणारी फाइल. इनडिझाइनमध्ये काम झालं असेल तर 'पॅकेज' करून मागा. त्यात फाइल, चित्रं आणि वापरलेले टंक एका फोल्डरमध्ये येतात. सोबत आयडीएमएल फाइलही मागा, ती इनडिझाइनच्या जुन्या आवृत्तीतही उघडते. दुसरं कुठलं सॉफ्टवेअर असेल तर त्याची मूळ फाइल, आणि कुठली आवृत्ती वापरली ते लिहून घ्या. पेजमेकरमध्ये काम होणार असेल तर सावध व्हा, त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे. टंकांची नावं कागदावर घ्या. आणि याशिवाय, शेवटचं मुद्रित मंजूर झाल्यावरचा संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये, साध्या वर्ड फाइलमध्ये मागा. जुन्या टंकांतला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी यांची मोडतोड होते आणि पुन्हा मुद्रितशोधन करावंच लागतं. युनिकोडमधल्या पीडीएफमधून मजकूर उचलला तरी पुष्कळदा वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. पीडीएफच्या भरवशावर राहू नकाच.

कधी मागायची? पहिल्या बोलण्यात, दर ठरायच्या आधी. काही जण खुल्या फाइलचे वेगळे पैसे सांगतात. त्यात गैर काही नाही, ती त्यांची मेहनत आहे, द्या. पण ठरलेलं लेखी ठेवा, मेसेजवर असलं तरी चालेल. काम संपल्यावर मागितली की "शोधून देतो" हे उत्तर येतं, आणि शोधणं काही संपत नाही.

मुखपृष्ठालाही हेच लागू. थर वेगळे असलेली मूळ फाइल घ्या. चित्र किंवा छायाचित्र कुणाचं, ते छापील पुस्तक, ई-पुस्तक आणि जाहिरात या तिन्हींसाठी वापरायची परवानगी आहे का, हे लेखी हवं. इंटरनेटवर सापडलेलं चित्र उचलू नका, त्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसलं तरी. कण्याची जाडी पृष्ठसंख्या आणि कागदावर ठरते, म्हणून पानं पक्की होईपर्यंत मुखपृष्ठ पक्कं होत नाही. कापणीसाठी चित्र कडेच्या बाहेर ३ मिलिमीटर जास्त गेलेलं असावं. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मंद उतरतो, तेव्हा छापील नमुना बघितल्याशिवाय रंगाला होकार नको.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक: काही देशांत फुकट मिळतो, काही देशांत विकत घ्यावा लागतो, पण वेळ लागू शकतो, म्हणून लवकर अर्ज करा. आकडे १३. छापील पुस्तकाला एक, ई-पुस्तकाला दुसरा. त्यात प्रकाशक म्हणून कुणाचं नाव लागतंय ते बघा. तुमचंच लागलं पाहिजे. कॉपीराइट लिहिल्याक्षणी तुमचा असतो, नोंदणी हा पुढे वाद झाला तर कामी येणारा पुरावा.

छपाई. जास्त प्रती घेतल्या की एका प्रतीचा खर्च उतरतो, हे गणित खरं आहे आणि त्यानेच लोक फसतात. न विकलेल्या प्रती जागा खातात, ओल धरतात. पहिल्या खेपेला मागणीनुसार छपाई (मागणी येईल तेवढ्याच प्रती छापणं) किंवा थोड्या प्रती. बांधलेली नमुना प्रत हातात घेऊन, उलगडून, मध्यावर दाबून बघा: ओळी शिवणीत जातात का, पानं सुटतात का. त्याशिवाय होकार नाही.

किंमत ठरवताना विक्रेत्याचा वाटा आधी धरा, तो छापील किमतीच्या ४० टक्क्यांवरही जातो. टपाल, भेट प्रती, खराब प्रती यांचा खर्चही किमतीत धरा. विक्रीनंतर पैसे या बोलीवर प्रती देताय तर प्रती दिल्याच्या चलनावर सही हवीच, तारखेसकट. ओळखीचा माणूस असला तरी.

ई-पुस्तकाला ईपब हा फाइलचा प्रकार. केडीपीवर, म्हणजे ॲमेझॉनच्या स्व-प्रकाशनाच्या सेवेवर, लेखकाच्या मानधनाचे ३५ आणि ७० टक्के असे दोन पर्याय आहेत. ७० ला किमतीची मर्यादा आहे आणि फाइलच्या आकारानुसार पैसे कापले जातात, अटी वाचा. फोनवर उघडून जोडाक्षरं तपासा. मजकूर कुठल्या फाइलमधून घेतलाय ते तपासा. दोनदा तपासा.

परीक्षणाच्या प्रती, समारंभ, जाहिरात: झेपेल तेवढं. समारंभाची तारीख मात्र प्रती घरी आल्यावरच जाहीर करा.

आणि जुळणी करणाऱ्याचा शेवटचा हप्ता देण्याआधी खुली फाइल दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडा. तिसऱ्या मुद्रितातली एखादी दुरुस्ती शोधा, ती झालेली दिसते का बघा. दिसली, की दोन वेगळ्या जागी ठेवा, एक प्रत घराबाहेर. मग पैसे द्या.