मुतखड्याची कळ आणि सीटी स्कॅनची घाई : या चुका टाळा

मे महिना, रात्रीचे दोन. कमरेतून जांघेत उतरणारी कळ, उलट्या, घामाने भिजलेला माणूस आणि त्याला रिक्षातून उतरवणारा भाऊ. दिवसभर लोकलने फिरायचं, स्टेशनवरचं स्वच्छतागृह नको म्हणून पाणीच प्यायचं नाही. त्याची वसुली कॅज्युअल्टीत अशी होते. भावाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "डॉक्टर, आधी सीटी काढा."

आधी इंजेक्शन. मूत्रपिंडाचा जुना आजार, अल्सर किंवा गर्भारपण नसेल तर डायक्लोफिनॅकसारखं औषध बहुतेकांना चांगलं लागू पडतं. कळ उतरली की माणूस धड बोलतो, पोट नीट तपासता येतं.

जुना रिपोर्ट घरी विसरणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. पन्नाशीच्या आतला, एरवी धडधाकट, आधी खडा झालेला माणूस तशीच साधी कळ घेऊन आला तर सीटी टाळा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स या तिथल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय. पण फाइल डोंबिवलीच्या कपाटात आणि रुग्ण परळला, तर आधीचा खडा केवढा, कुठे होता, हे कळणार कसं? रिपोर्टचा फोटो फोनमध्ये ठेवा.

"सोनोग्राफीत खडा दिसतच नाही हो!" मूत्रनलिकेतला, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीतला, अनेकदा दिसत नाही, खरंय. पण मूत्रपिंड फुगलंय का ते दिसतं, आणि त्या रात्रीपुरतं बहुधा तेवढं पुरतं. २०१४ साली अमेरिकेतल्या १५ इमर्जन्सी विभागांतल्या २,७५९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सोनोग्राफीपासून सुरुवात केलेल्यांत गंभीर आजार निसटण्याचं प्रमाण वाढलं नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांना पुढे सीटी लागलाच नाही. आपल्याकडे अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली सोनोग्राफी मशीनची नोंदणी असते, ते कोणी चालवायचं हेही ठरलेलं असतं, आणि रात्री तो डॉक्टर जागेवर नसला की सीटी निघतो. कायदा हवाच. पण कळ थांबली असेल, ताप नसेल, तर सोनोग्राफी सकाळी केली तरी चालते.

सीटी लागलाच तर कमी मात्रेचा होईल का, एवढं विचारा. नेहमीच्या सीटीत साधारण १० मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग, म्हणजे छातीचे शंभरेक एक्स-रे; कमी मात्रेत तो तीनच्या आसपास येतो.

उलटी चूकही होते. थंडी वाजून ताप, एकच मूत्रपिंड, लघवी बंद, इंजेक्शनने न हटणारी कळ, किंवा साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच आलेली कळ (पोटातली महाधमनी फुगली तरी असंच दुखतं): इथे सीटीला नाही म्हणू नका. गर्भवतीला मात्र आधी सोनोग्राफीच.

आणि "खडा पडला का ते बघू" म्हणून पुन्हा सीटी नको. पाच मिलिमीटरच्या आतले बरेचसे खडे आपसूक पडतात. लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून गाळा, खडा सापडला तर डबीत घालून ओपीडीत आणा. गाळणी परत स्वयंपाकघरात नेऊ नका, हेही सांगावं लागतं.