एअर रायफलचा ट्रिगर: नवीन नेमबाजांनी काय बघावं

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं ब्राँझ जिंकलं आणि आमच्या रेंजवर चौकशीला येणाऱ्या पालकांची गर्दी वाढली. मी स्वतः १० मीटर एअर रायफल खेळतो आणि नवीन मुलांना हत्यार लावून द्यायला मदत करतो. पालकांचा पहिला प्रश्न असतो, कुठली रायफल घेऊ? दुसरा हमखास, सगळ्यात हलका ट्रिगर कुणाचा? पहिल्याचं उत्तर बजेटवर ठरतं. दुसऱ्याबद्दल सविस्तर सांगावं लागतं, कारण तो प्रश्नच जरा चुकीच्या टोकाकडून विचारलेला असतो.

आधी नियम. एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची, म्हणजे तो दाबायला लागणाऱ्या जोराची, किमान मर्यादा नाही. एअर पिस्तूलला आहे, ५०० ग्रॅम. मॅचच्या ठिकाणी पिस्तूल नळी वर करून उभं धरतात, ट्रिगरला वजन अडकवतात आणि ते उचललं गेलं पाहिजे. ट्रिगर सुटला तर पिस्तूल नापास. रायफलवाल्यांना ही धाकधूक नसते, म्हणून शंभर ग्रॅमच्याही खाली उतरलेले ट्रिगर सर्रास दिसतात. तुमच्या खिशातला मोबाईलसुद्धा याच्या दीडपट तरी असतो. पण मर्यादा नाही म्हणून खालपर्यंत जायलाच हवं, असं कुठेही लिहिलेलं नाही.

मॅच रायफलचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. बोट ठेवून दाबलं की ब्लेड, म्हणजे ट्रिगरची बोटाखालची पट्टी, थोडं मागे येतं, हा फर्स्ट स्टेज. मग ते कुठेतरी टेकतं. त्या टेकण्याला आम्ही भिंत म्हणतो. भिंतीवर आणखी किंचित दाब दिला की छर्रा सुटतो, हा सेकंड स्टेज. नवशिक्याला सगळ्यात गरज असते ती ही भिंत दर वेळी त्याच जागी आणि स्पष्ट लागण्याची. एकूण वजन फार कमी केलं की दोन्ही टप्पे एकमेकांत मिसळतात, बोटाला भिंत कळत नाही आणि मुलगा निशाण स्थिर व्हायच्या आतच मारून मोकळा होतो. मग त्याला ट्रिगरची भीती बसते. बोट ब्लेडपासून लांब ठेवायचं आणि निशाण दिसलं की झटकन मारायचं, ही सवय लागली की सुटायला फार त्रास होतो.

झटक्याची किंमत किती, तेही बघा. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. मध्यापासून अडीच मिलिमीटर सरकलात की एक पूर्ण गुण गेला. इतक्या फरकाला नळीचं टोक पाव मिलिमीटरच्या आसपास हललं तरी पुरतं. पात्रता फेरीत साठ शॉट असतात आणि गुण दशांशात मोजतात, तेव्हा हे नुकसान दर शॉटला साचत जातं.

रायफल हातात आली की लगेच वजनाचा स्क्रू शोधू नका. आधी ब्लेडची जागा. ब्लेड पुढे-मागे सरकतं, बऱ्याच मॉडेलमध्ये तिरकंही करता येतं. ग्रिप नेहमीसारखी धरून बोट सहज टाका: बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ब्लेडवर यायला हवा, सांध्याची घडी नको, आणि बोटाची बाकीची लांबी लाकडाला किंवा ॲल्युमिनियमला घासायला नको. आमच्याकडे बारीक हाताच्या मुलींना क्लबच्या रायफलवर ब्लेड अगदी मागे घ्यावं लागतं. नाहीतर त्या ब्लेड गाठण्यासाठी मनगटच फिरवतात, आणि शॉट एका बाजूला जायला लागले की घरचे म्हणतात ट्रिगर जड आहे! ट्रिगरचा काही संबंध नसतो. नेमबाजीचं जॅकेट घालूनच हे करा. टी-शर्टवर लावलेलं माप जॅकेट चढवल्यावर बदलतं.

त्यानंतर वजनाची वाटणी. एकूण वजनातला मोठा हिस्सा फर्स्ट स्टेजला द्या आणि थोडाच सेकंड स्टेजला ठेवा. म्हणजे बोट निर्धास्तपणे भिंतीवर टेकून राहतं आणि शेवटचा दाब अगदी थोडा लागतो. शॉट सुटल्यावर ब्लेड किती मागे जावं, त्याचा स्क्रू वेगळा असतो. तो फार आवळला तर शॉटच सुटत नाही, म्हणून किंचित मोकळा ठेवलेला बरा. एका वेळी एकच स्क्रू, पाव वळसा, आणि आधीची स्थिती वहीत लिहून. रायफल रिकामी आहे हे बघून, सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण म्हणून नळीत घालायची रंगीत दोरी) घालूनच ॲलन की हातात घ्या. तेल मात्र ट्रिगरच्या आसपास नको, त्यावर धूळ बसते आणि भिंत चिकट होते.

एकदा लावून झालं की महिनाभर तरी हात लावायचा नाही. वाईट दिवस आला की स्क्रू फिरवणारे लोक मी खूप पाहिलेत.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घ्यावा का? वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्टायर, अँशुट्झ या कंपन्यांचे साधे मेकॅनिकल ट्रिगरसुद्धा राज्य पातळीपर्यंत आणि त्यापुढेही कमी पडत नाहीत. इलेक्ट्रॉनिकला चार्जिंग लागतं, बिघडला तर गावात दुरुस्त होत नाही, आणि जास्तीचे पैसे जातात ते वेगळेच. तेवढ्यात चांगलं जॅकेट आणि पँट येते. पहिल्या रायफलसाठी माझं मत सरळ नकाराचं आहे.

खरं तर पहिलं वर्ष क्लबच्या रायफलवरच काढा. नवी आयात मॅच रायफल लाखांत जाते आणि मूल दहावीला खेळ सोडेल की नाही हे कुणी सांगू शकत नाही. रोज घरी भिंतीसमोर ड्राय करा, म्हणजे छर्ऱ्याशिवाय नुसता ट्रिगर मारा. मॅच रायफलमध्ये त्याची सोय असते, हवाही खर्च होत नाही. शॉट सुटताना पुढच्या साइटमधलं वर्तुळ हललं का, एवढंच बघायचं.

सेकंडहँड घेणार असाल तर दोन गोष्टी तपासा. रायफलच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख, कारण त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात. आणि ट्रिगर: वीसेक वेळा सावकाश ड्राय करा, डोळे मिटून. भिंत एकदा जरी भलतीकडे लागली, किंवा रायफल कॉक करून (छर्रा न घालता, मारायच्या तयारीत आणून) बटावर, म्हणजे खांद्याकडच्या टोकावर, हलकी थाप मारल्यावर ट्रिगर आपोआप सुटला, तर किंमत कितीही कमी असली तरी पुढे बोलू नका. विकणारा ड्राय करूच देत नसेल तर चहा पिऊन निघा.