पाचवे वाक्य: एकट्याने प्रार्थना करू लागताना

ख्रिस्ती घरात वाढलेल्या पुष्कळ माणसांना प्रार्थना तोंडपाठ असते, परंतु करता येत नाही. प्रभूची प्रार्थना झोपेतही म्हणता येते आणि जेवणाआधीचे आभार न अडखळता मानले जातात. मात्र रात्री दिवा मालवल्यावर देवाशी एकट्याने बोलायची वेळ आली की चार वाक्यांत शब्द संपतात आणि पाचवे वाक्य "आमेन" होते. घरसभेत कोणी अचानक "आता तुम्ही प्रार्थना करा" असे म्हटले, की "चला, सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणू या" अशी पळवाट मीही कित्येक वर्षे काढलेली आहे.

या संकोचाचे मूळ बहुधा विश्वासाच्या उणिवेत नसून आपण ऐकत आलेल्या भाषेत असते. पाळकसाहेब "हे सर्वसमर्थ, सनातन, कृपावंत पित्या" असा आरंभ करून दहा मिनिटे अखंड बोलतात आणि प्रार्थना म्हणजे असेच बोलणे, हा समज लहानपणीच पक्का होतो. पाळकांची प्रार्थना सगळ्या मंडळीच्या वतीने असते, म्हणून ती तशी बांधावी लागते. तुमची प्रार्थना तुमच्या एकट्याची आहे आणि तिला श्रोते नाहीत. येशूचे शिष्य तर स्तोत्रे म्हणत वाढलेले यहूदी होते, तरीही "आम्हाला प्रार्थना करायला शिकवा" अशी विनंती त्यांच्यातल्या एकाने केल्याचे लूककृत शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात आहे आणि त्यांना मिळालेले उत्तर, म्हणजेच प्रभूची प्रार्थना, अर्ध्या मिनिटात म्हणून होते.

म्हणून पहिले काम भाषा खाली उतरवण्याचे. मराठी पवित्र शास्त्रात देवाला "तू" म्हटले आहे. ज्या घरांत वडिलांना "अहो बाबा" म्हणतात तिथेही स्वर्गातील पित्याला "तू"च म्हणतात आणि हे "तू" आपण आईला म्हणतो त्या "तू"च्या जवळचे आहे. तुकोबांनी विठ्ठलाशी याच "तू"ने भांडणे केली; तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या भजनांतही तीच जवळीक आहे. पंडिता रमाबाई संस्कृतच्या मोठ्या विदुषी होत्या, तरी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना त्यांनी मुद्दाम सोपी मराठी निवडली, कारण ते कमी शिकलेल्या बायकांना समजायला हवे होते. तेव्हा सासूबाईंच्या गुडघेदुखीविषयी देवाशी बोलताना "शारीरिक व्याधी" म्हणण्याची गरज नाही. गुडघेदुखीच म्हणावे, आणि घरात मालवणी, वऱ्हाडी किंवा वसईची सामवेदी बोलत असाल तर तीच बोलावी.

जागेविषयी फार अडून बसू नये. खोलीत जाऊन दार लावून घ्यावे, असे येशूने सांगितले आहे. पण पाच माणसांच्या एका खोलीच्या घरात दार लावून घ्यायचे तर बाकीच्यांनी जायचे कुठे? येशूचा शिष्य पेत्र भरदुपारी गच्चीवर प्रार्थनेला गेला होता आणि तिथे त्याला भूक लागली, हेही नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात प्रांजळपणे नोंदवले आहे. जुन्या करारातली हन्ना मंदिरात नुसते ओठ हलवत राहिली, तिचा आवाज कोणाला ऐकू आला नाही आणि एली याजकाला ती प्यालेली वाटली. गच्ची, सकाळचे रिकामे स्वयंपाकघर, लोकलमधली खिडकीजवळची जागा, यांपैकी जे मिळेल ते चालेल. वेळ मात्र ठरलेली असावी आणि आरंभी ती दहा मिनिटांहून अधिक असू नये. उत्साहाच्या भरात पहाटे चारला उठून तासभर गुडघे टेकण्याचा निश्चय करणारे दुसऱ्या आठवड्यापर्यंत थकलेले मी पाहिले आहेत.

शब्द सुचत नसतील तर ते उसने घ्यावेत, आणि त्यासाठी स्तोत्रसंहितेइतके मोठे कोठार नाही. त्यातली 150 स्तोत्रे क्रमाने घेण्याऐवजी 13व्या स्तोत्रापासून आरंभ करावा. त्यात अवघी सहा वचने आहेत. पहिले वचन हळू आवाजात वाचावे. "कोठवर" हा स्तोत्रकर्त्याचा प्रश्न आला की थांबावे आणि आपला "कोठवर" त्यात घालावा: मुलाला नोकरी मिळायला अजून किती दिवस, भावाचा अबोला कधी सुटणार, हा खोकला कधी जाणार. मग पुढचे वचन. शेवटच्या दोन वचनांत स्तोत्रकर्ता विश्वासाकडे आणि गाण्याकडे वळतो. तुमचे मन तेवढे वळले नसेल तर ओढूनताणून वळवू नये, "हे वचन मला अजून म्हणता येत नाही" इतकेच देवाला सांगावे, कारण तीही प्रार्थनाच आहे. 88वे स्तोत्र तर अंधारातच संपते आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवापुढे सतत प्रसन्न चेहऱ्याने बसावे, असे मानणाऱ्यांनी ते एकदा मोठ्याने वाचून पाहावे.

तोंडपाठ असलेली प्रभूची प्रार्थनाही अशीच उघडता येते. रोजच्या भाकरीपाशी थांबून या महिन्याचे घरभाडे, शाळेची फी आणि डॉक्टरांकडून यायचा रिपोर्ट यांची नावे घ्यावीत. ऋणे सोडण्याच्या वाक्यापाशी आपण ज्याला क्षमा केलेली नाही त्या माणसाचे नाव घ्यावे. हे नाव घेणे अवघड जाते, आणि बहुतेकांची प्रार्थना याच वाक्यावर घाईने पुढे सरकते.

मन भरकटणार, हे गृहीत धरावे. डोळे मिटताच गॅसचा नंबर लावायचा राहिला हे आठवते. अशा वेळी शेजारच्या कागदावर ते लिहून टाकावे आणि परत यावे. एखादी गोष्ट मात्र पुनःपुन्हा आठवत असेल, तर तो अडथळा न मानता तिच्याविषयीच बोलावे, कारण आपण ठरवलेल्या विषयापेक्षा मनाला तीच अधिक टोचत असते. थकलेल्या दिवशी येशूच्या दृष्टांतातल्या जकातदाराचे "हे देवा, मज पाप्यावर दया कर" हे सहा शब्द पुरेसे आहेत. रोज तेच ते मागतो म्हणून ओशाळण्याचेही कारण नाही. येशूने निरर्थक बडबडीला नकार दिला, पण गेथशेमाने बागेत त्याने स्वतः तिसऱ्यांदाही त्याच शब्दांत प्रार्थना केल्याचे मत्तयाने लिहिले आहे.

कोणी ऐकते आहे की नाही, अशी शंका आली तर ती लपवून पुढचे वाक्य रचू नये. मार्ककृत शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायातील आजारी मुलाचा बाप, आपला विश्वास आहे आणि आपल्या अविश्वासाला साहाय्य हवे आहे, अशी दोन्ही वाक्ये एका श्वासात बोलतो आणि त्याच्या मुलाला बरे केले जाते. अंगावर शहारा येणे किंवा डोळे भरून येणे ही प्रार्थना पोहोचल्याची पावती नव्हे. कित्येक महिने काहीच जाणवत नाही आणि तरीही माणसे प्रार्थना करत राहतात. एक लहान वही ठेवून तारीख आणि विनंती लिहावी, असे मी सुचवतो, परंतु देवाच्या उत्तरांचा जमाखर्च मांडण्यासाठी नव्हे. वर्षाने ती वही वाचली की आपण काय मागत होतो आणि त्यातले काय मागणे आपोआप गळून गेले, हे दिसते.

एकांतातले बोलणे थोडे सैल झाले, की दुसऱ्या कोणासमोर एकच वाक्य बोलून पाहावे. सभेत नव्हे, तर घरातल्या आजारी माणसाच्या खाटेशी. मुक्ती मिशनमध्ये 1905 साली संजीवनाच्या, म्हणजे धर्मजागृतीच्या, काळात मुली आणि बायका एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत; ज्यांच्या मंडळीत अशी रीत आहे त्यांना आवाज फोडणे सोपे जाते, कारण शेजारचा तुमचे व्याकरण ऐकत नसतो. जिथे एकामागून एक बोलतात तिथे आधी एकच गोष्ट ठरवून ठेवावी, ती घरच्या शब्दांत मागावी, "प्रभू येशूच्या नावाने मागतो, आमेन" म्हणावे आणि थांबावे. नंतरची शांतता लांबली तरी ती भरून काढण्याचे काम तुमचे नाही. शेजारच्या काकू घसा खाकरून सुरुवात करतीलच.