क्रूझचे शेवटचे दोन दिवस: सामान, बिल आणि घरापर्यंतचा प्रवास

क्रूझच्या शेवटच्या सकाळी जी धांदल उडते, तिचं मूळ बहुतेक वेळा आदल्या रात्री असतं. जहाज पहाटे बंदराला लागतं आणि त्याच दुपारी त्याच केबिनमध्ये नवे प्रवासी यायचे असतात. म्हणून साधारण आठपर्यंत केबिन रिकामी करायला सांगतात आणि साडेनऊ-दहापर्यंत जहाज मोकळं व्हावं लागतं. चुकीचं बिल, सापडत नसलेला पासपोर्ट, वजनाबाहेर गेलेली बॅग यांतलं काहीही त्या दोन तासांत धडपणे निस्तरता येत नाही. उतरायची तयारी ४८ तास आधी सुरू करायची ती यासाठीच.

दोन दिवस आधी

सर्वांत आधी बिल. जहाजावरचा सगळा खर्च तुमच्या केबिनच्या खात्यावर चढत असतो. तो टीव्हीवर, अ‍ॅपमध्ये किंवा रिसेप्शनवर पाहता येतो. एकेक ओळ वाचा. नेहमी सापडणाऱ्या चुका म्हणजे रद्द केलेल्या सहलीचे पैसे, एकच पेय दोनदा, शेजारच्या केबिनचा खर्च आणि पॅकेजमध्ये असूनही वेगळी लावलेली वस्तू. तक्रार असेल तर त्याच दिवशी दुपारी रिसेप्शनवर जा. शेवटच्या सकाळी त्या खिडकीपुढची रांग हलत नाही आणि ज्या विभागाने ती नोंद केली तिथलं माणूसही जागेवर नसतं. खात्यावर रोज लागणाऱ्या टिपच्या रकमेत बदल करायचा असेल तर तोही याच वेळी सांगावा.

खात्यावर क्रूझ कंपनीने दिलेली सवलतीची रक्कम शिल्लक असेल तर ती परत मिळणारी आहे की नाही हे विचारून घ्या. भेट म्हणून दिलेली रक्कम सहसा परत मिळत नाही, न वापरल्यास बुडते. एखादं बंदर ऐनवेळी रद्द झालं असेल तर तिथल्या बंदरशुल्काची वजावट खात्यावर आली आहे का, तेही तपासा. जहाजावरच्या डॉक्टरकडे जावं लागलं असेल तर विम्यासाठी तपशीलवार बिल आणि निदानाचा कागद आत्ताच मागून घ्या. घरी पोचल्यावर तो मिळवणं फार चिकाटीचं काम आहे. खातं रोखीने चालवलं असेल तर हिशोब शेवटच्या संध्याकाळी पूर्ण करावा लागतो, नाहीतर उतरताना गेटवर केबिनचं कार्ड अडतं.

जहाजाचं इंटरनेट संपण्याआधी बोर्डिंग पास, हॉटेल आणि गाडीचं आरक्षण, ट्रान्झिट व्हिसाची प्रत फोनमध्ये उतरवून ठेवा. घरी जाताना विमान ज्या देशात बदलायचं आहे तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तर निघण्यापूर्वीच पाहिलेलं असावं. तरीही एकदा ताडून बघा.

कपडे धुवायचे असतील तर शेवटच्या पूर्ण दिवसाच्या आधी धुवा. त्या दिवशी धुलाईच्या यंत्रांवर गर्दी असते आणि बाथरूममधल्या दोरीवर पोहण्याचे कपडे एका रात्रीत वाळत नाहीत. ओला कपडा भरावाच लागला तर प्लॅस्टिकच्या पिशवीत, बॅगेच्या वरच्या थरात ठेवा.

स्वतः उचलून उतरायचं की बॅगा बाहेर ठेवायच्या

पहिला मार्ग म्हणजे सगळं सामान स्वतः ओढत नेणं. असे प्रवासी सर्वांत आधी उतरतात आणि बॅगा शोधायचा वेळ वाचतो. पण त्या वेळी लिफ्ट भरून वाहत असतात, तेव्हा प्रत्येकाला आपली बॅग जिन्याने दोन-तीन मजले उतरवता यायला हवी. गुडघे दुखत असतील, लहान मूल कडेवर असेल किंवा बॅगा माणशी एकाहून जास्त असतील तर हा मार्ग घेऊ नका.

दुसरा मार्ग म्हणजे रंगीत किंवा आकडा असलेले टॅग लावून बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायच्या. ठेवायची वेळ केबिनमधल्या पत्रकावर असते, साधारण रात्री आठ ते अकराच्या दरम्यान. टॅगचा गट तुमच्या विमानाच्या वेळेवरून ठरतो. गट चुकीचा मिळाला असेल तर आदल्या दिवशी बदलून मिळतो. टॅग बाजूच्या दांडीला, वळसा देऊन, घट्ट लावा. विमानाचे जुने टॅग काढून टाका. नाव आणि फोन लिहिलेला एक कागद बॅगेच्या आतही ठेवा. बॅगेचा आणि टॅगचा फोटो काढा, कारण टर्मिनलमध्ये काळ्या बॅगांच्या रांगा लागतात आणि टॅग कधीकधी वाटेत तुटतात.

रात्रीची बॅग

शेवटच्या रात्री दाराबाहेर न ठेवता स्वतःजवळ राखायची ही छोटी बॅग सगळ्या तयारीत निर्णायक आहे. दाराबाहेर गेलेली बॅग जमिनीवर उतरेपर्यंत परत हाती येत नाही. त्यात पासपोर्ट गेला तर अधिकाऱ्यांपुढे काय दाखवणार, आणि सकाळचे कपडे गेले तर रात्रीच्याच कपड्यांत उतरावं लागतं. मोठ्या बॅगा बंद करण्याआधी उद्याचे कपडे अंतर्वस्त्रांपासून बुटांपर्यंत पलंगावर मांडा, प्रत्येक माणसाचे वेगळे. बूट हमखास विसरतात, कारण भरताना पायात चपला असतात.

जवळच्या बॅगेत हे हवं: पासपोर्ट, व्हिसा, केबिनचं कार्ड (उतरताना ते स्कॅन होतं), पैसे, दागिने, घराच्या किल्ल्या, चष्मा, फोन आणि चार्जर, दात घासायचं सामान, आणि किमान तीन दिवस पुरतील इतकी औषधं. मोठी बॅग उशिरा पोचली तर रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चुकता कामा नये. काही जहाजांवर पासपोर्ट प्रवासभर रिसेप्शनकडे असतात. ते परत कधी आणि कुठे मिळणार, हे नीट वाचून घ्या.

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात फक्त हातातल्या सामानात चालतात. १०० वॉट-तासांपर्यंत (हे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचं माप) विमान कंपनीची परवानगी लागत नाही. २०,००० मिलिअँपिअर-तासांची नेहमीची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे चालते. मात्र ही क्षमता यंत्रावर छापलेली असायला हवी.

बाटल्यांचा नियम बरोबर उलटा आहे. जहाजावर घेतलेली दारू सहसा शेवटच्या रात्री केबिनमध्ये आणून देतात, आणि तोवर मोठ्या बॅगा भरून झालेल्या असतात. १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली बहुतेक विमानतळांवरच्या तपासणीतून हातात नेता येत नाही. म्हणून मोठ्या बॅगेत मधोमध, कपड्यांच्या घड्यांमध्ये तिच्यासाठी जागा राखा. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली दारू चेक-इन सामानात माणशी ५ लिटरपर्यंत, दुकानाच्या बंद बाटलीतच चालते. ७० टक्क्यांहून तीव्र असेल तर विमानात अजिबात नाही.

वजनही आत्ताच करा. जहाज सामानाच्या वजनाबद्दल फारसं बोलत नाही, विमान कंपनी मात्र बोलते. हातात धरून वजन करायचा छोटा काटा सोबत ठेवा. जहाज हलत असताना काट्यावरचा आकडा वरखाली होतो, म्हणून तीन-चार वेळा मोजा आणि मर्यादेच्या आत दीड किलो मोकळे ठेवा.

विमानाची वेळ

इथली चूक सर्वांत महाग पडते. ‘जहाज सातला पोचतं’ म्हणजे सातला आपण बाहेर, असं नाही. जहाज धक्क्याला लागल्यावर इमिग्रेशन आणि कस्टम्सचे अधिकारी मोकळीक देईपर्यंत एकही प्रवासी उतरत नाही. काही बंदरांत ठरावीक प्रवाशांना पासपोर्ट घेऊन समोर हजर राहावं लागतं. त्यांतले दोघे झोपून राहिले तरी सगळं जहाज थांबतं. धुकं असलं तर जहाज बंदराबाहेरच ताटकळतं.

हिशोब असा करा. सातला जहाज लागलं, साडेआठला तुमचा गट उतरला, बॅगा आणि पासपोर्ट यांत एक तास गेला की साडेनऊ झाले. विमानतळाचा रस्ता दीड तासाचा असेल तर अकरा. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचं, म्हणजे दुपारी दोनच्या आधीचं विमान धोक्याचं. रस्त्याचा वेळ बंदरागणिक फार बदलतो. फ्लोरिडातल्या पोर्ट एव्हरग्लेड्सहून फोर्ट लॉडरडेलचा विमानतळ अगदी शेजारी आहे, तर पोर्ट कॅनाव्हरलहून ऑर्लँडोचा सुमारे ७० किलोमीटर. रोमचं बंदर म्हणवणारं चिव्हिटावेक्किया प्रत्यक्ष शहरापासून बरंच दूर आहे. साउदम्प्टनहून हीथ्रो शंभर किलोमीटरहून थोडं अधिक आहे.

विमान रात्रीचं असेल तर जहाजाकडूनच मिळणारी, सामान बसमध्ये ठेवून विमानतळावर संपणारी सहल घेणं सोयीचं पडतं. बारा तास खुर्चीत बसण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

शेवटची सकाळ

गजर जहाजाच्या वेळेने लावा. रात्री घड्याळ पुढेमागे करायचं असेल तर तशी सूचना मिळते. फ्लाइट मोडमधला फोन स्वतःहून वेळ बदलेलच असं नाही. फ्लाइट मोड मात्र बंदराचं नेटवर्क मिळेपर्यंत काढू नका, कारण जहाजाच्या मोबाइल नेटवर्कवरचं रोमिंग फार महाग असतं.

निघण्यापूर्वी केबिन ठरलेल्या क्रमाने बघा: तिजोरी, बाथरूमच्या दारामागची खुंटी, शॉवरचा कोपरा, सगळे ड्रॉवर, पलंगाखाली, चादरीत गुंडाळले गेलेले रात्रीचे कपडे, सॉकेटमधले चार्जर. भिंती पोलादी असल्याने त्यांना चिकटवलेले चुंबकी हूकही राहतात. तिजोरी रिकामी करून तिचं दार उघडंच ठेवा.

नाश्त्याच्या टेबलावरचं फळ पिशवीत टाकू नका. ताजी फळं, मांस, बिया बंदरावर जप्त होतात आणि अनेक देशांत दंडही होतो. प्रवाळ आणि काही मोठे शंख ‘साइट्स’ या, धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात. परवान्याशिवाय ते सहसा नेता येत नाहीत.

आपल्या गटाची घोषणा होईपर्यंत बसून राहा. गँगवेपाशी, म्हणजे जहाजातून उतरायच्या पुलापाशी, आधी जाऊन उभं राहिल्याने कुणी लवकर उतरत नाही, वाट मात्र अडते. व्हीलचेअरची मदत हवी असेल तर ती आदल्या दिवशी नोंदवलेली असावी. टर्मिनलमध्ये बॅग उचलण्यापूर्वी टॅगवरचं नाव वाचा. बॅग फुटली असेल किंवा सापडत नसेल तर इमारत सोडण्याआधीच तक्रार नोंदवा.

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांनी तिथे केलेल्या खरेदीवरचा कर परत घ्यायचा असेल तर वस्तू वापरलेली नको आणि बॅग चेक-इनला देण्याआधी कस्टम्सचा शिक्का हवा. अधिकारी वस्तू पाहायला मागू शकतात.

घरी पोचल्यावर

जमीन डुलल्यासारखी वाटणं हे साधारण एक-दोन दिवस चालतं. ते पूर्ण थांबेपर्यंत गाडी चालवू नका. महिन्याहून जास्त राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. नोरोव्हायरसची लक्षणं संसर्गानंतर १२ ते ४८ तासांत दिसतात, म्हणजे उलट्या-जुलाब घरी पोचल्यावरही सुरू होऊ शकतात. तसं झालं तर साबणाने हात धुवा. सॅनिटायझर त्या विषाणूवर तितका चालत नाही. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आणि खोकला आला तर जहाजावर होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. लिजिओनेला या फुप्फुसांना बाधणाऱ्या जिवाणूचा संसर्ग इतक्या उशिराही दिसतो.

कार्डावर क्रूझने अडवून ठेवलेली रक्कम सुटायला काही दिवस लागतात. डेबिट कार्ड असेल तर तेवढे दिवस ते पैसे खात्यात नाहीत असंच धरून चाला. ईमेलवर आलेलं अंतिम बिल आणि बँकेची नोंद ताडून बघा. केबिनमध्ये काही राहिलं असेल तर जहाज, तारीख, केबिन क्रमांक आणि वस्तूचं वर्णन देऊन लगेच कळवा.